हेडर की बिडाचं मॅनिफोल्ड?

भारतात मसल कार कधी बनलीच नाही. बनली ती मसल कारसारखी दिसणारी एक गाडी, आणि तिच्यावरच आपल्या दोन पिढ्यांनी हौस भागवून घेतली. 1984 साली हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून कॉन्टेसा बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर अँबॅसडर, पद्मिनी आणि नुकतीच आलेली मारुती 800 एवढीच काय ती मंडळी होती. त्यांच्यात हिचं लांबलचक बॉनेट, समोरचे चार गोल दिवे आणि मागची सपाट डिकी पाहिली की एखादी अमेरिकन गाडीच वाट चुकून इकडे आली आहे असं वाटे. वंशानं मात्र ती इंग्रज. व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्हिक्टर आणि व्हीएक्स गाड्यांचा हा सांगाडा. तिकडे या बॉनेटखाली 1.8 किंवा 2.3 लीटरचं इंजिन असे. आपल्याकडे बॉनेट आलं, इंजिन आलं नाही. आत बसलं ते अँबॅसडरच्या घरचं 1489 सीसीचं इंजिन, जेमतेम 50 अश्वशक्तीचं. पहिलवानाचा देह आणि कारकुनाचा श्वास.

काही वर्षांनी ही उणीव भरून निघाली, आणि ती भरली आमच्या माळव्यात. उज्जैनहून इंदूर पंचावन्न किलोमीटर, तिथून पुढे धारच्या बाजूला पीथमपूर. तिथल्या हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात जपानी इसुझू कंपनीच्या तंत्रानं इंजिनं आणि गिअरबॉक्स तयार होऊ लागले. 1817 सीसी, 88 अश्वशक्ती, पाच गिअर. हे इंजिन ज्या गाडीत बसलं ती कॉन्टेसा क्लासिक. 2002 मध्ये उत्पादन थांबलं तरी या गाडीच्या वेड्यांची संख्या घटली नाही, उलट वाढली. उज्जैन-इंदूरकडचे लोक कॉन्टेसाबद्दल थोड्या घरच्या अधिकारानं बोलतात ते उगाच नाही.

अशी एखादी गाडी कुणी विकत घेतो, पत्रा ठोकून घेतो, रंग काढतो, सीटा शिवतो, आणि मग त्याच्या डोक्यात पुढचा किडा शिरतो. कंपनीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून हेडर बसवायचं. यावर उज्जैनच्या फ्रीगंजातला कुठलाही जुना मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो तो असा: "भैयाजी, गाडी पळवायची आहे की वाजवायची आहे?" प्रश्न खोचक आहे, पण निदान अचूक. हेडरवर पैसे घालणाऱ्या दहातल्या नऊ जणांना खरं म्हणजे आवाज हवा असतो, आणि ते तसं कबूल करत नाहीत.

दोन्ही वस्तू आधी नीट पाहून घेऊ. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल जळलं की उरलेला तप्त वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. चारही सिलिंडरचा वायू गोळा करून एका पाइपात सोडणारा जो ओतीव भाग इंजिनाला बोल्टनं आवळलेला असतो, तो मॅनिफोल्ड. कंपन्या तो बिडाचा ओततात. बीड स्वस्त, हवा तो आकार देता येणारं, उष्णतेला दाद न देणारं आणि जाड असल्यामुळे आवाज गिळणारं. वजनदार मात्र असतं, आणि त्याच्या आतल्या वाटा आखूड, आडव्या, एकमेकींत घुसलेल्या असतात. हेडर म्हणजे तेच काम करणारा नळ्यांचा जुडगा. प्रत्येक सिलिंडरला पोलादी पाइपाची स्वतंत्र, लांब, गुळगुळीत वळणांची नळी, आणि शेवटी साऱ्या नळ्या जिथे मिळतात तो कलेक्टर. भिंत दीड-दोन मिलिमीटरची. दिसायला देखणं. नवं असताना तर फारच.

हेडरचा फायदा काय? बहुतेक जण सांगतील, "वायू मोकळा बाहेर पडतो." हे अर्धंच उत्तर झालं. नुसत्या मोकळ्या वाटेचा प्रश्न असता तर मॅनिफोल्डच्या वाटा थोड्या रुंद करून भागलं असतं. महाकालच्या दर्शनाला चार दिशांनी आलेल्या रांगा एकाच दाराशी एकदम आदळल्या तर जी रेटारेटी होते, तीच आखूड मॅनिफोल्डमध्ये होते. रांगांना आधी लांबवर वेगळं ठेवून पाळीपाळीनं दाराशी आणलं की गर्दी तीच, दार तेच, पण माणसं भराभर निघतात. हेडर ही पाळी लावून देतं.

आणि त्याहून एक सूक्ष्म गोष्ट करतं. व्हॉल्व्ह उघडताच नळीत दाबाची एक लाट सुटते. ती वायूबरोबर चालत नाही, वायूतून ध्वनीच्या वेगानं धावते. वायू इतका तापलेला असतो की त्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या घरात जातो. ही लाट नळीच्या टोकाला, कलेक्टरपाशी जिथे जागा एकदम रुंदावते तिथे पोहोचली की तिचा एक भाग उलटा फिरतो, आणि उलटताना त्याचा गुणधर्मही उलटतो. गेली ती दाबाची लाट, परत आली ती ओढीची. ही ओढ नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोहोचली, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आला आहे आणि इनलेट नुकताच उघडला आहे अशा वेळी, तर उरलासुरला जळका वायू ती खेचून नेते आणि ताज्या मिश्रणालाही आत यायला हात देते. इंजिनाला फुकटात जादा श्वास मिळतो.

सारी गोम त्या "नेमक्या क्षणी"त आहे. नळी 80 सेंटिमीटरची धरली तर लाटेला जाऊन यायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्यांवर असेल तर तेवढ्यात क्रँक 90 अंश फिरतो. तेच 2500 फेऱ्यांवर 45 अंश. लाटेचा वेळ ठरलेला, कारण तो तापमानावर आणि नळीच्या लांबीवर अवलंबून. क्रँकचा वेळ मात्र पायाखालच्या अॅक्सिलरेटरवर. म्हणून एका वेगाला जुळवलेली नळी दुसऱ्या वेगाला जुळत नाही. क्वचित उलटही होतं, चुकीच्या वेळी दाबाची लाट परत येते आणि जळका वायू आत ढकलते. हेडर बसवल्यावर गाडी "खालून मेली, वरून उठली" अशी तक्रार येते तिचं कारण हेच. उज्जैनहून इंदूरला ऐंशीच्या वेगानं टॉप गिअरमध्ये जाताना कॉन्टेसाचं इंजिन चार-पाच हजारांवर नसतं. त्याच्या पुष्कळ खालीच रमतगमत असतं. शहरात तर विचारायलाच नको. देवास गेटपासून महाकालपर्यंत ई-रिक्षा, गाई आणि यात्रेकरू यांच्यामधून जाताना 5000 फेऱ्यांवर जुळवलेल्या नळीचा उपयोग काय?

आता एक ऐतिहासिक पुरावा देतो, कारण या वादात मला सर्वांत बळकट वाटतो तो हाच. अँबॅसडर आणि पहिल्या कॉन्टेसातलं 1489 सीसीचं इंजिन म्हणजे इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी-सीरिज. याच मापाचं, याच घराण्यातलं इंजिन 1955 च्या एमजीए या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. तिथे ते सुरुवातीला 68 आणि लवकरच 72 अश्वशक्ती देऊ लागलं. आपल्याकडे 50, तिकडे 72, आणि एमजीएला कारखान्यातून हेडर नव्हतं, बिडाचंच मॅनिफोल्ड होतं. फरक केला तो दोन कार्बोरेटरांनी, जास्त कॉम्प्रेशननं, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टनं. श्वास आत घेतानाच कोंडत असेल तर बाहेर सोडण्याचा दरवाजा रुंद करून काय साधणार?

या इंजिनाची आणखी एक खोड आहे, आणि ती हेडर विकणारा सहसा सांगत नाही. बी-सीरिजच्या हेडला चार एक्झॉस्ट पोर्ट नाहीतच. तीन आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र, आणि मधल्या दोघांना मिळून एक. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा वायू हेडच्या आतच एकत्र होतो, तुम्ही बाहेर सोन्याच्या नळ्या लावा. या इंजिनाचं हेडर तीन नळ्यांचं असतं. स्वतंत्र, समान लांबीच्या नळ्या हे हेडरचं सारं तत्त्वज्ञान, ते इथे उंबरठ्यावरच अडतं.

शिवाय इथे इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला. दोन्ही मॅनिफोल्डं काही स्टड वाटून घेतात. एकच जाड वॉशर अर्धा याच्या कानावर, अर्धा त्याच्या कानावर बसतो आणि दोघांनाही दाबतो. कंपनीच्या दोन्ही भागांच्या कानांची जाडी सारखी असते. बाहेरून आणलेल्या हेडरची पट्टी मिलिमीटरभर जरी पातळ निघाली तर वॉशर वाकडा बसतो, एक बाजू आवळली जाते, दुसरी सैल राहते. मग इनलेटकडून चोरून हवा शिरते, इंजिन आयडलला थरथरतं, मिसिंग मारतं, आणि गडी कार्बोरेटर उघडून बसतो. तीन वेळा कार्बोरेटर साफ होतो, प्लग बदलले जातात, आणि दोष असतो तो एका वॉशरखाली. पट्टीची जाडी व्हर्नियरनं मोजायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट कुणी देत नाही.

म्हणून 1.5 कॉन्टेसावाल्यांना माझं सांगणं सरळ आहे. हेडरचा नाद सोडा.

इसुझूच्या 1.8 ची गोष्ट वेगळी. त्याचा बोअर 84 मिलिमीटर, स्ट्रोक 82. म्हणजे रुंदी उंचीपेक्षा जास्त, फिरायला चपळ. कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये. बी-सीरिजचा स्ट्रोक जवळपास 89 आणि बोअर 73. ते बैलासारखं खालून ओढतं, पण वर गेलं की धापा टाकतं. इसुझूला वरच्या फेऱ्यांत खरंच काही म्हणायचं असतं. याच्यासाठी नीट बनवलेलं हेडर काहीतरी देऊ शकतं. पण कुठलं? याची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. म्हणजे पहिल्यानंतर बरोबर अर्ध्या चक्रानं, क्रँकच्या एका पूर्ण फेरीनं, चौथा फुटतो. तसंच दुसरा आणि तिसरा. एकमेकांपासून सर्वांत लांब असलेल्या या जोड्या आधी जोडायच्या, 1 बरोबर 4, 2 बरोबर 3, आणि मग त्या दोन नळ्यांची एक करायची. याला गॅरेजात "चार-दोन-एक" म्हणतात. ते मधल्या फेऱ्यांत, म्हणजे आपण खरोखर गाडी चालवतो तिथे, बऱ्यापैकी साथ देतं. चारही नळ्या एकाच ठिकाणी आणणारं "चार-एक" शर्यतीच्या गाडीला ठीक, ती सगळा वेळ वरच असते. आणि डिझेल कॉन्टेसा असेल तर हा प्रश्नच रद्द समजा.

अमेरिकेतून आलेला सल्ला इथे का जुळत नाही हेही यातूनच कळतं. 1964 ची पॉन्टियाक जीटीओ घ्या, मसल कारच्या जमान्याची सुरुवात बहुतेक लोक तिथून धरतात. आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन, दोन बाजूंना चार-चार सिलिंडर, दोन मॅनिफोल्डं. अशा इंजिनाच्या फायरिंग ऑर्डरमध्ये एक अडचण जन्मजात असते. शेव्हर्लेची प्रसिद्ध ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. विषम आकड्यांचे सगळे सिलिंडर एका बाजूला. यातला 5 आणि लगेच पाठोपाठ 7 पाहा: शेजारी शेजारी, एकाच मॅनिफोल्डवर, आणि दोघांमध्ये क्रँकचे फक्त 90 अंश. पाचव्याचा व्हॉल्व्ह उघडा असतानाच सातव्याचा दाब त्याच्यावर येऊन आदळतो. आपल्या चार सिलिंडरमध्ये लागोपाठच्या कुठल्याही दोन स्फोटांत 180 अंशांचं अंतर असतं, ही भांडणं तितकी हातघाईवर येत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे हेडरनं जे पदरात पडतं ते आपल्याकडे त्या प्रमाणात पडेल हे गृहीत धरणं चूक. तरीही पन्नास-साठच्या दशकांत तिकडे हेडर विकणारे धंदे फोफावले, हेडमन, हूकर ही नावं तेव्हाची, आणि ती आजही तिथल्या हौशी लोकांच्या तोंडी आहेत. आपले तरुण तेच पाहतात आणि कॉन्टेसाकडे वळतात.

त्या काळातले अश्वशक्तीचे आकडेही जरा जपून वाचावेत. अमेरिकन कंपन्या तेव्हा इंजिन बाकावर ठेवून, पंखा-अल्टरनेटर उतरवून, पुष्कळदा गाडीच्या सायलेन्सरऐवजी मोकळा एक्झॉस्ट लावून शक्ती मोजत. 1972 पासून मोजणी प्रत्यक्ष गाडीतल्यासारखी, सायलेन्सरसकट होऊ लागली. कॉर्व्हेटचं एलटी-1 इंजिन 1971 ला 330 अश्वशक्तीचं म्हणून विकलं गेलं, 1972 ला 255 चं. इंजिन जवळपास तेच. एका रात्रीत पाऊणशे घोडे तबेल्यातून पळाले ते मोजपट्टी बदलल्यामुळे. हेडरच्या जाहिरातीत "अमुक अश्वशक्ती वाढ" असं लिहिलेलं असतं तेव्हा ती कशाशी तुलना करून, कुठल्या फेऱ्यांवर, कुठल्या इंजिनावर मोजली हे विचारावं. उत्तर मिळत नाही.

उज्जैनच्या हवेचाही हिशेब यात धरला पाहिजे. शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरला थोडं कमी इतक्या उंचीवर. इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी विरळ. 50 अश्वशक्तीच्या इंजिनाची अडीच अश्वशक्ती इथेच गेली. मे महिन्यात पारा 44 वर गेला की 25 अंशांच्या हवेच्या तुलनेत आणखी सहा टक्के. आणि खरी मजा बॉनेटच्या आत. रहदारीत उभ्या गाडीच्या बॉनेटखालची हवा 70 अंशांना सहज जाते. कार्बोरेटर ती ओढत असेल तर बाहेरच्या 44 अंशांच्या हवेपेक्षा तिचं वजन सात-आठ टक्क्यांनी कमी. एअर फिल्टरला जाड रबरी नळी जोडून तिचं तोंड ग्रिलमागे बाहेरच्या हवेत नेलं, तर हेडरकडून ज्याची आशा करायची तेवढा लाभ काही शे रुपयांत पदरात पडतो. पण त्याचा आवाज येत नाही, त्यामुळे कुणी करत नाही.

उन्हाळ्याचा दुसरा वार थेट हेडरवरच आहे. जाड बीड तापतं हळू, आतली उष्णता बाहेर सोडतंही हळू. पातळ पोलादी नळी भराभर तापते आणि बॉनेटखाली तितक्याच भराभर ओकते. अँबॅसडरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून घाट चढणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको: नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर चौकात गप्प होते. यावर उपाय म्हणून नळ्यांना काचतंतूंची पट्टी गुंडाळतात. उष्णता आत राहते हे खरं. पण पावसाळ्यात पट्टी ओलावा धरते आणि साधी पोलादी नळी आतल्या आत गंजून चाळणी होते. स्टेनलेसची नळी घ्या, नाहीतर सिरॅमिकचा लेप देऊन घ्या; कार्बोरेटर आणि नळ्यांच्या मध्ये पत्र्याची आडभिंत उभी करा. हे सगळं करायचं नसेल तर हेडरही करू नका. एकाच बाजूला दोन्ही मॅनिफोल्डं असलेल्या अँबॅसडर-घराण्यातल्या इंजिनात तर बिडाचं एक्झॉस्ट इनलेटच्या बुडाला मुद्दाम ऊब देतं, थंड सकाळी पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटू नयेत म्हणून. हेडर बसवलं की पौष-माघातल्या पहाटे गाडी चोक मागत राहते. उन्हाळ्यात नको तितकं गरम, हिवाळ्यात हवं तितकं नाही.

हेडर बसवायचंच ठरलं तर ती एकट्या नळीची बदली नसते. वायू बाहेर जायची पद्धत बदलली की आत येणाऱ्या मिश्रणाचं प्रमाणही बदलतं, बहुधा पेट्रोल कमी पडू लागतं. कार्बोरेटरचे जेट तपासावे लागतात, टायमिंग पुन्हा लावावं लागतं. प्लग काढून पाहावेत: पोर्सेलिन पांढरंफटक पडलं असेल तर मिश्रण फार पातळ आहे आणि पिस्टन धोक्यात. हेडरमागचा पाइप आणि सायलेन्सर जुनाच, गंजलेला, ठिकठिकाणी चेपलेला असेल तर पुढे केलेल्या सगळ्या कारागिरीवर पाणी. मी तर म्हणेन की सुरुवात मागून करावी. आधी सायलेन्सर आणि मधला पाइप बदलावा, पाइप वाकवताना बेंड चपटा न होऊ देणाऱ्या माणसाकडून. तेवढ्यानंच अनेकांचं समाधान होतं आणि पुढचा खर्च वाचतो.

पण मूळ मॅनिफोल्डच तडकलेलं असेल तर? इथे नीट पाहणं महत्त्वाचं. सकाळी गाडी थंड असताना सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक येते, आणि गाडी तापली की थांबते. पुष्कळ जण टॅपेट वाजतंय असं समजून टॅपेट लावून घेतात. टॅपेटचा आवाज तापल्यावर असा गायब होत नाही. हा मॅनिफोल्डच्या चिरेतून किंवा जळालेल्या पॅकिंगमधून सुटणारा वायू. बीड तापून फुगलं की फट मिटते. बॅटरीचा प्रकाश टाकून पाहिलं तर पॅकिंगच्या कडेला काजळीचा पंख्यासारखा पसरलेला डाग दिसतो, आणि डागाचं टोक नेमकं गळतीवर असतं. हा दोष अंगावर काढू नये. सुटणारा कार्बन मोनॉक्साइड डॅशबोर्डच्या हवेच्या वाटेनं आत येतो, त्याला वास नसतो.

पॅकिंग जळालं असेल तर मॅनिफोल्ड काढून त्याच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरावी आणि खालून फीलर गेज सरकवून पाहावा. वर्षानुवर्षं तापून बीड केळ्यासारखं वाकतं. वाकलेलं तोंड लेथवाल्याकडून घासून सपाट करून घेता येतं. नवं पॅकिंग घातलं की गाडी गप्प. काढताना स्टडवर मात्र जोर करू नये. चाळीस वर्षं तापलेला स्टड तुटला तर आटे हेडमध्ये अडकतात, आणि मग हेड उतरवून ड्रिल करण्यावाचून गत्यंतर नाही. आदल्या रात्री तेल सोडावं, सकाळी गॅसच्या ज्योतीनं नट लाल होईस्तोवर तापवावा, थोडा निवू द्यावा, आणि मगच पाना लावावा. बसवताना मधल्या स्टडपासून बाहेरच्या बाजूला आवळत जावं, आणि पहिल्यांदा तापून निवलं की पुन्हा एकदा सगळे नट पाहावेत.

चीर पडली असेल तर बिडाचं वेल्डिंग हे सगळ्यांचं काम नव्हे. भाग आधी भट्टीत तापवून, निकेलच्या रॉडनं थोडं थोडं भरून, शेवटी राखेत किंवा वाळूत पुरून हळूहळू निववावा लागतो. घाई केली की वेल्डच्या शेजारी नवी चीर. असा कारागीर मिळाला नाही, दुसरं मॅनिफोल्ड भंगारातही सापडलं नाही, तर हेडर हा प्रामाणिक पर्याय आहे. तेव्हा ते शक्तीसाठी नव्हे, गाडी चालती राहावी म्हणून बसवायचं, आणि तसंच निवडायचं: चार-दोन-एक, जाड पट्टीचं, मागं पूर्ण सायलेन्सर.

कायद्याबद्दल थोडं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते काटेकोरपणे वाचलं. केंद्रीय नियमांतला 120 वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर 190 व्या कलमानं दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. देशातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवरून रोड रोलर फिरवतात. त्यात बहुतेक बुलेटचे असतात, पण कॉन्टेसालाही सवलत नाही. गाडी पंधरा वर्षांवर गेली की दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, तिथेही प्रश्न निघतो. मोकळेपणानं पळवायची खरीच हौस असेल तर पीथमपूरलाच, जिथे हिचं इंजिन बनलं, 2021 साली नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणी ट्रॅक सुरू झाला आहे. तिथे सहज फिरायला जाता येत नाही हे खरं, तरी वेग आणि आवाज नियमाच्या चौकटीत मोजायची जागा आपल्या दाराशी आहे.

आणि काढलेलं मूळ मॅनिफोल्ड. भंगारवाला त्याला बिडाच्या भावानं किलोवर घेतो, आणि देणारा देऊन टाकतो. 2021 च्या जुलैमध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. 1984 च्या कॉन्टेसा 2034 मध्ये पन्नाशीला पोहोचतील. तोवर मॅनिफोल्ड ठेवायचं तर तोंडाला ग्रीस फासा, कानांच्या भोकांत तेल सोडा, स्टड आणि ते जाड वॉशर तारेत ओवून त्यालाच बांधा, आणि जमिनीवर न ठेवता फळीवर सपाट ठेवा. वॉशर विसरू नका. मॅनिफोल्ड एक वेळ कुणाकडे तरी सापडेल, ते वॉशर सापडत नाहीत.